शंकरप्पाची परमुलखाची यादी

उमरग्याच्या पेठेत शंकरप्पा पत्रं लिहून द्यायचा आणि आलेली पत्रं वाचून दाखवायचा. त्याचे दोन पैसे मिळत. पण त्याला जो मान होता तो वेगळ्याच कारणासाठी. तो तीन वर्षं सोलापुरात राहून आला होता.

आता सोलापूर म्हणजे काही काशी नव्हे. सकाळी मोटरीत बसलं की नळदुर्गावरून दिवस मावळायच्या आत माणूस सोलापुरात. पण मधे सरहद्द होती. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. अलीकडचे सात मोजले की पलीकडचे सहा हातात पडत. अलीकडं शाळेत उर्दू शिकायची, पलीकडं मराठी आणि इंग्रजी. ज्याच्या पोराला मराठीतून मॅट्रिक व्हायचं असेल त्यानं पोराला परमुलखात धाडावं, हाच एक मार्ग. आणि परमुलखात पोरगा धाडायचा म्हणजे आधी बापानं एक प्रश्न विचारायचा, तो शंकरप्पाला विचारायचा.

"किती लागतील?"

या प्रश्नावर शंकरप्पा लगेच उत्तर देत नसे. डोळे मिटून घेई, टोपी मागं सारी, आणि म्हणे, "तसं बघाय गेलं तर..." मग कागद पुढं ओढी.

त्याची यादी पेठेत प्रसिद्ध होती. तिच्यात खोलीभाडं आणि खानावळ तर असायचीच. त्यापुढं बुटाचे दोन जोड असायचे, एक घालायला आणि एक शाळेत तपासणी असेल त्या दिवसाला. वाट चुकल्यावर करायच्या टांग्याचे पैसे असायचे, कारण नवा माणूस पहिले तीन महिने वाट चुकतोच. तापाचे पैसे वेगळे. दिवाळीला घरी न येता तिकडंच राहिला तर मन रमवायचे पैसे वेगळे. धोब्याचा आकडा बघून एका बापानं विचारलं होतं, "पोरगं शिकाय चाललंय का नवरदेव म्हणून?" शंकरप्पानं शांतपणे सांगितलं, "तिकडं मळकट सदरा बघितला की मास्तर प्रश्नच इचारत न्हाईत. मग पोरगं हुशार हाय का ढ, कळणार कसं?" धोब्याचा आकडा कायम.

आणि खरा आकडा काढून झाला की शंकरप्पा त्यात निम्मे आणखी मिळवायचा. कारण बापाची जात त्याला ठाऊक होती. बाप घरी जाईपर्यंत त्यातले निम्मे कापणारच.

ही जात त्याला कशी ठाऊक, ते मात्र पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचा बाप कल्याणप्पा तेलाचा छोटा व्यापारी. सव्वीस सालात शंकरप्पाला सोलापूरला धाडताना त्यानं कुणाला काही विचारलं नाही. घरीच हिशेब केला. पोरगा सकाळी दोन भाकरी खातो, संध्याकाळी दोन. परमुलखात गेला म्हणून काय आठ खाणार आहे? इथली ज्वारी काय भाव, तिथलीही तीच असणार. ज्वारी म्हणजे ज्वारी. असं म्हणून महिन्याला सहा हाली रुपये बांधून दिले आणि वर सांगितलं, "उरले तर गाठीला ठेव. उधळू नको."

सोलापुरात सराफानं त्या सहाचे पाच करून हातावर ठेवले. शाळेची फी आणि खोलीचं भाडं दिलं, आणि त्या पाचांपैकी हातात उरला तो सराफाचा हिशेबाचा चिटोरा. घरी लिहायची लाज वाटली. बापानं मित्रांत सांगितलं होतं, माझं पोरगं शिल्लक टाकणार आहे म्हणून. दीड दिवस शंकरप्पा पाण्यावर राहिला. तिसऱ्या वेळेला गौराबाईच्या खानावळीपुढं वासावर उभा असताना आतून आवाज आला, "नुसता हुंगतोस काय? आत ये, ताटं घास, मग जेव."

तो आत गेला तो तीन वर्षं आतच राहिला. पहाटे ताटं, मग शाळा, दुपारी ताटं, मग शाळा, रात्री ताटं. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा गणितात गेला. गावी परत आला तेव्हा अंगात कोट होता. खानावळीत एक कारकून तीन महिन्यांच्या बाकीपोटी टाकून गेला होता तो. त्या कोटानं सगळी पेठ उभी राहिली. कुणी विचारलं, परीक्षेचं काय झालं? शंकरप्पा म्हणाला, "हवा मानवली न्हाय." परमुलखाची हवा कुणी पाहिलेली नव्हती. सगळ्यांना पटलं.

पुढं चौदा-पंधरा वर्षं यादी चालू राहिली. अकरा पोरं त्या यादीवर सोलापूरला गेली. चार पास झाली, तीन गिरणीत कारकून झाली, दोघं नापास होऊन का होईना पण धष्टपुष्ट होऊन परत आली. उरलेल्या दोघांनी तापाचे पैसे दर शनिवारी सिनेमाला घातले. पण त्या अकरांतल्या एकानंही कुणाचं ताट घासलं नाही, आणि शंकरप्पा मनातल्या मनात तेवढंच मोजायचा.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात बसप्पा अडत्या त्याच्याकडं आला. बसप्पा पेठेतला मोठा माणूस. त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बाजारादिवशी पोत्यांची रास लागायची. पण स्वतःच्या पायातल्या चपलेला त्यानं सहावं ठिगळ लावलं होतं आणि सातव्याचा विचार चालू होता. त्याचा मुलगा मल्लिकार्जुन सोळा वर्षांचा, वाचायची लई आवड. त्याची आई नीलम्मा हट्टाला पेटली होती की पोराला शिकवायचंच.

शंकरप्पानं यादी दिली. बसप्पानं ती घरी नेली, रात्रभर तिच्याशी झुंजला आणि सकाळी परत घेऊन आला. बुटाचा एक जोड गेला होता. टांगा गेला होता. ताप गेला होता. "आमच्या घराण्यात ताप येत न्हाय," बसप्पा म्हणाला. "आणि खाण्याचा खर्च म्या काढूनच टाकलाय. वर्षाचा शिधा संगं नेणार."

"मालक, तिकडं..."

"आणि तूबी येणार संगं. तुझ्या वळखीनं खोली स्वस्तात मिळंल. तीन वर्षं राहिलास ना तिथं?"

या चौदा वर्षांत शंकरप्पा सोलापूरला एकदाही गेला नव्हता. बायकोचं लुगडं आणायलासुद्धा नाही. कधी कंबर धरलेली असायची, कधी सरहद्दीवर गडबड आहे असं कानावर आलेलं असायचं. पण बसप्पानं मोटरीच्या तिकिटाचे पैसे मोजून हातावर ठेवले. बसप्पानं आपण होऊन पैसे मोजले, ही बातमी घटकाभरात पेठभर झाली, आणि आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मोटर लढाईमुळं कोळशावर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. भाडं मात्र बसल्याचंच. टपावर बसप्पाचा शिधा होता. ज्वारीच्या पिठाची दोन पोती, डाळ, गूळ, मिरच्या, शेंगदाण्याची चटणी, तुपाचं मडकं.

सरहद्दीवरच्या नाक्यावर नाकेदारानं वर नजर टाकली आणि काठी आपटली.

"अनाज बाहर नै जाता, सेठ. लढाई है. उतारो."

"अनाज न्हवं हो, पीठ हाय," बसप्पा म्हणाला.

"पीठ क्या पत्थर का होता?"

बसप्पानं खूप रदबदली केली. पोराच्या शिक्षणाचं सांगितलं, धर्माचं सांगितलं, दूरच्या नात्यातल्या एका पोलीस पाटलाचं नाव घेतलं. नाकेदार पान चघळत ऐकत राहिला. शेवटी बसप्पानं विचारलं, "शिजवलेलं चालतं का?"

"पका हुआ खाना कौन रोकता?" नाकेदार म्हणाला. "खाओ, ले जाओ."

बसप्पाचा चेहरा उजळला. त्यानं मोटर सोडून दिली, तिकिटाचे पैसे बुडाले तरी हूं केलं नाही. पोती बैलगाडीत टाकून तो नळदुर्गाला माघारी फिरला, ते थेट आपल्या चुलत बहिणीच्या, महादेवीच्या दारात. महादेवी बिचारी नुकती जेवून लवंडली होती.

"दोन पोत्यांच्या कडक भाकरी करायच्या," बसप्पा म्हणाला.

"किती?" ती उठून बसली.

"जेवढ्या होतील तेवढ्या. कडक भाकरी चार-चार महिने टिकतीया. तूच न्हाय का म्हणालीस जत्रेत?"

महादेवीनं आळीतल्या सहा बायका बोलावल्या. दोन दिवस आणि एक रात्र भाकरी थापल्या गेल्या, पापडासारख्या पातळ, तव्यावर भाजून निखाऱ्यावर कडक केलेल्या. सरपण संपलं ते विकत आणलं. बायकांना चोळीचे खण द्यावे लागले. महादेवीच्या मनगटाला सूज आली, तिला लेप आणला. मल्लिकार्जुन कोपऱ्यात पुस्तक वाचत बसला आणि शंकरप्पा भाकरी रचत बसला. रचता रचता त्यानं मनाशी हिशेब घातला. या भाकरींवर आत्तापर्यंत जेवढा खर्च झाला तेवढ्यात पोरगं सहा महिने खानावळीत तूप-पोळी जेवलं असतं. पण तो बोलला नाही. बचत करणाऱ्या माणसाला मधे थांबवू नये, तो जास्त खर्च करतो.

तिसऱ्या दिवशी भाकरींच्या अकरा टोपल्या बैलगाडीतून नाक्यावर आल्या. नाकेदारानं एक उचलली, मोडली, तोंडात टाकली. "नमक कम है," म्हणाला, आणि वाट दिली.

सोलापूर ओळखू येत नव्हतं. गर्दी दुप्पट झाली होती, आणि धान्याच्या दुकानांपुढं रांगा होत्या. शंकरप्पा टोपी डोळ्यांवर ओढून, मान खाली घालून चालला होता. बसप्पा दर दहा पावलांना म्हणायचा, "तुझी वळख कुठंय? अजून एकबी माणूस बोलला न्हाय तुज्याशी."

खोल्या पाहता पाहता संध्याकाळ झाली. एक खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा होता. त्यात उभं राहायचं तर मल्लिकार्जुनला गुडघे वाकवावे लागले. तिचं भाडं ऐकून बसप्पानं विचारलं, "वर्साचं ना?" घरवाला हसला. दुसरा घरवाला म्हणाला, खोली आहे, पण एवढ्या भाकरी आत ठेवल्या तर उंदरांचं भाडं वेगळं पडेल. शेवटी एका भल्या माणसानं सांगितलं, "तुमच्याकडची पोरं त्या गल्लीत राहतात. गौराबाईच्या खानावळीच्या माडीवर."

"चल," बसप्पा म्हणाला.

"तिथं नको, मालक. तिथं... पाणी चांगलं न्हाय."

"तुला काय ठाऊक?" असं म्हणून बसप्पा चालूसुद्धा लागला.

गौराबाई आता सत्तरीची झाली होती. गल्ल्यावर बसली होती, डोळ्याला जाड चष्मा. तिनं आधी अकरा टोपल्या पाहिल्या, मग बसप्पा पाहिला, मग टोपीखाली लपलेला चेहरा पाहिला आणि चष्मा वर केला.

"अय्यो! शंकर का रं तू? बा, बा, आत ये! अगं ए, बघा गं कोण आलंय! आपला ताटं घासणारा शंकर!"

खानावळीत चाळीस माणसं जेवत होती. चाळीस माना वळल्या.

शंकरप्पाला वाटलं, जमीन फाटावी. जमीन नुकतीच शेणानं सारवलेली होती, चांगली घट्ट होती. गौराबाई थांबेना. "लई कामाचा पोर. तीन वरीस माज्याकडं हुता. ह्याच्यासारखी ताटं पुन्यांदा कुणी घासली न्हाईत. तोंड बघून घ्यावं अशी!"

बसप्पा शंकरप्पाकडं बघत राहिला. शंकरप्पा खाली बघत राहिला. आता पेठ, मान, कोट, यादी, सगळं या घटकेला संपलं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मग बसप्पाचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"शंकरप्पा," बसप्पाच्या आवाजात कळकळ होती, "म्हंजे तू इथं तीन वर्सं फुकट जेवलास?"

"मालक..."

"आणि ही गोष्ट एवढी वर्सं आमच्यापासनं दडवून ठेवलीस? मोठ्या मोठ्या याद्या करून दिल्यास? अरे, असा मार्ग हाय हे सांगायचं सोडून?" तो गौराबाईकडं वळला. "अव्वा, हे आमचं पोरगं. हाताला लई साफ. उद्यापासनं ताटं घासंल."

मल्लिकार्जुन म्हणाला, "घासतो की, अप्पा. त्यात काय?"

"गप ऱ्हा!" शंकरप्पा इतक्या जोरात ओरडला की वाढपी थबकला. पुढचं बोलताना त्याचा आवाज खाली आला, पण थांबला नाही. "मालक, फुकट न्हाय जेवलो. ऐका. पहाटं चारला उठायचो. शाळंत बीजगणिताच्या तासाला डोळा लागायचा. मास्तर बाकावर उभं करायचे, तर उभ्या उभ्या झोपायचो. राखंनं हाताला भेगा पडायच्या, टाक धरवायचा न्हाय. दोनदा परीक्षेला बसलो. दुसऱ्या खेपंला पेपर पुढं आला आणि म्या त्याच्यावर डोकं ठेवून झोपलो. उठवलं तवा घंटा झाली हुती. हवा मानवली न्हाय म्हणून सांगितलं तुमाला. ते खोटं हुतं. माज्या बापानं घरात बसून हिशेब केला हुता, त्याचं हे झालं. यादीत निम्मं मी वाढवून लिहितो, तेबी खरं हाय. तुमी निम्मं कापता म्हणून."

चाळीस माणसं जेवायची थांबली होती. त्यांतल्या पुष्कळांना घरून पैसे येत होते आणि त्यांनी खाली ताटाकडं पाहिलं.

बसप्पाला वाईट वाटलं नाही असं नाही. त्यानं पोराचा दंड चाचपून पाहिला. मग हळूच म्हणाला, "पण आमचं पोरगं तुज्यापेक्षा दणकट हाय."

तेव्हा गौराबाईच मधे पडली. "ताटाला जागा न्हाय, सावकार. दोघं हाईत. एक मॅट्रिक झालेला हाय, दुसरा त्याच्या पुढं गेलेला. वर तिघं वाट बघत माडीवर पडलेत. आता जामीनदार लागतो ताट घासाय. लढाई हाय न्हवं? रेशनाचं कार्ड हाय का पोराचं?"

कार्ड नव्हतं. कार्डाचं नावही बसप्पानं ऐकलं नव्हतं. त्यानं शेवटचा आधार म्हणून खिशातून यादी काढली. गौराबाईनं ती डोळ्याजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली, आधी बसप्पानं कापलेले आकडे, मग त्याखालचे शंकरप्पाचे मूळ आकडे, आणि हसत सुटली.

"हे कुठल्या सालचं? शंकर, अरे ह्या पैशांत आता पोरगं माडीवर चढंल. जेवाय खाली उतरायचे वेगळे पडतील."

म्हणजे शंकरप्पानं इतकी वर्षं जपून, विचार करून, निम्म्यानं फुगवलेला आकडा लढाईच्या महागाईनं गाठला होता आणि ती त्याला मागं टाकून पुढं गेली होती. बसप्पानं कागद परत घेतला, एकदा शंकरप्पाकडं पाहिलं, आणि त्याला खरा राग आला तो तेव्हा.

"तू फसवलंस मला," तो म्हणाला. "कमी सांगितलंस!"

पैसे द्यावे लागले. कलदारात द्यावे लागले. कनवटीची गाठ सोडताना बसप्पाची बोटं दोनदा अडकली. अकरा टोपल्या भाकरी गौराबाईनं पहिल्या दोन महिन्यांच्या जेवणात धरल्या, तेही नाक मुरडून. मीठ कमी होतं हे तिलाही पटकन कळलं.

उमरग्याला परत आल्यावर शंकरप्पा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. बसप्पानं पेठेत सगळं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी बायको जगदेवीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "किती दिस तोंड लपवणार? मला लग्नाच्या सालीच कळलं हुतं."

"काय कळलं हुतं?"

"जेवून उठलात की ताट असं घासून ठेवायचात, कडा, खालची बाजू, सगळं. शाळंत शिकलेला गडी ताट असं घासतोय व्हय? म्या काय म्हणून बोलू? माजं काम वाचत हुतं."

शंकरप्पानं तिच्याकडं पाहिलं. चौदा वर्षं ज्या गोष्टीला तो पेठेत जपत होता ती घरात रोज दोन वेळा चुलीपाशी उघडी पडत होती. त्याला हसू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही.

पेठेत तो गेला तेव्हा ओट्यावर तीन बाप बसले होते. कुणी हसलं नाही, टोमणा मारला नाही. उलट त्यांनी त्याला जागा करून दिली. मग एकजण खाकरून म्हणाला, "शंकरप्पा, त्या ताटाच्या जागंसाठी तुमी चिठ्ठी द्याल का? जामीन म्हणून?"

शंकरप्पानं तिघांनाही सांगितलं, चिठ्ठी देणार नाही. यादी देतो. आणि पहिल्यांदाच त्यानं खरा आकडा सांगितला, काही न मिळवता, गौराबाईच्या तोंडून ऐकलेला. तिघं ऐकून एकमेकांकडं पाहू लागले. "इतका कसा लागंल?" एकजण म्हणाला. "सोता ताटं घासून राहिलेला माणूस, त्याला खर्चातलं काय कळतंय?" ते उठून बसप्पाच्या दुकानात गेले. बसप्पा सोलापुरात दोन रात्री राहून आला होता.

मल्लिकार्जुन पंचेचाळीस साली पास झाला, गणितात चांगल्या मार्कांनी. ताटाला त्यानं हात लावला नाही, पण संध्याकाळी तो नंतर ताटाला लागलेल्या दोघा नव्या पोरांना बीजगणित शिकवायचा. त्यातला एक त्याच साली मॅट्रिक पास झाला. हे मल्लिकार्जुननं पत्रात शंकरप्पाला लिहिलं, बापाला नाही.

मग बसप्पा पुन्हा आला. पोराला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. नव्या चपला घालून आला होता. जुन्यांवर ठिगळाला जागा राहिली नव्हती.

"पुण्याला किती लागतील?"

शंकरप्पानं डोळे मिटले नाहीत. "पुण्याला म्या कधी गेलो न्हाय, मालक. मला ठाऊक न्हाय."

"अंदाजानं सांग."

"अंदाजानं न्हाय सांगत आता."

माणूस ठाऊक नाही म्हणतो, याचा अर्थ काय लावावा बसप्पाला कळेना. पेठेत असं कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. शेवटी तो उठला आणि उत्तरेश्वर कासाराच्या दुकानाकडं गेला. उत्तरेश्वर मागच्या वैशाखात एका लग्नाला पुण्यात चार दिवस राहून आला होता. त्यानं बसप्पाला बसायला सांगितलं, डोळे मिटले, आणि म्हणाला, "तसं बघाय गेलं तर..."